न धुतलेला कडूकंद

एका जंगलात एक ओढा होता. राजाचं नंतर सांगतो. आधी ओढा, कारण राजे बदलतात, तहान तीच राहते.

ओढा लहान होता, पण वाहता होता. हे नीट ध्यानात ठेवा, पोरांनो. वाहता. पुढे सगळं यावरच अडणार आहे, आणि तेव्हा कोणी मधेच विचारलं तर मी परत सांगणार नाही.

ओढ्याच्या काठी ठकूबाई राहायची. ठकूबाई म्हणजे साळिंदर. अंगभर काटे, आणि बोलणंही त्याच मापाचं. कोणी ‘कशी आहेस’ विचारलं तर ‘तुला काय करायचंय’ म्हणायची. पण जंगलात तिला मान होता, कारण कडूकंद गोड करणं एकट्या तिलाच जमायचं.

तुम्ही कडूकंद पाहिला नसेल. तुम्हाला बटाटा ठाऊक, तोही तळलेला. कडूकंद जमिनीखाली लागतो, दिसायला ओबडधोबड, आणि कच्चा खाल्ला की घसा धरतो. जीभ जाड होते, घशात कुसळं गेल्यासारखं खाजतं, डोळ्यांतून पाणी येतं, आणि मोठमोठी बडबडी जनावरं दोन दिवस गप्प बसतात.

ठकूबाई त्याच्या दातांनी पातळ चकत्या करायची. गेल्या वणव्याची राख जपून ठेवलेली असायची, त्या राखेत चकत्या घोळायची. टोपलीत भरायची आणि टोपली ओढ्यात ठेवायची. तीन दिवस, तीन रात्री. पाणी वाहत जायचं आणि कडूपणा घेऊन जायचं. टोपली वाहून जाऊ नये म्हणून तिच्यावर सोनबा कासव बसायचा. त्याचं कामच ते. तीन दिवस बसायचं, उठायचं नाही. मजुरी म्हणून पहिली मूठ त्याची.

चौथ्या दिवशी चकत्या तापल्या कातळावर वाळायच्या, आणि मग वासानेच सगळं जंगल गोळा व्हायचं. कोणी बोरं घेऊन यायचं, कोणी चारोळ्या. ज्याच्याकडे काही नसायचं तो चार गप्पा सांगायचा. ठकूबाई सगळ्यांना शिव्या देत देत वाढायची. तिची एकच फुशारकी होती. ती म्हणायची, माझ्या हातचं खाऊन आजवर कोणाचा घसा धरलेला नाही.

आता राजा. राजा वाघ होता. सिंह आपल्याकडे नसतो, तो पुस्तकवाल्यांनी बाहेरून आणलाय. इथल्या गोष्टीला इथला राजा.

वाघाला एक दिवस वाटलं की आपलं जंगल मागे पडलंय. पलीकडे शहर होतं. तिथे पाळलेली जनावरं राहायची, पट्टेवाली, नावं ठेवलेली. त्यांना सकाळ-संध्याकाळ वाटीत मिळायचं. वाटीतलं खाऊन खाऊन ती कंटाळली होती, आणि त्यांना आता अस्सल काहीतरी हवं होतं, असं वाघाच्या कानावर आलं.

हे कानावर घालणारा होता गुणवंतराव तरस. तुम्हाला वाटलं असेल, कोल्हा असणार. नव्हता. कोल्ह्याला तेव्हा दुसरीकडे काम होतं. तरसाचा फायदा असा की त्याचं तोंडच हसरं. वाईट बातमी सांगायला असा गडी बरा पडतो.

गुणवंतराव म्हणाला, महाराज, आपण रानचव महोत्सव भरवू. पाहुणे येतील, आपल्या गरीब कष्टाळू जनावरांचं चार घास खातील, स्थानिकांना साथ मिळेल. वाघाला ‘स्थानिकांना साथ’ हे शब्द फार आवडले. त्याने ते दोनदा म्हणून घेतले. आजवर त्याने स्थानिकांना जी काय साथ दिली होती ती शेवटपर्यंत दिली होती, स्थानिकांच्या शेवटपर्यंत.

मग हुकूम निघाला. येत्या पुनवेला ओढ्याकाठी महोत्सव. प्रत्येक पाहुण्याला पळसाचं एक पान मिळणार. ज्याचं खाणं सगळ्यांत आवडेल त्याच्यापुढे त्याने ते ठेवायचं. ज्याच्यापुढे जास्त पानं, त्याला ओढा कायमचा. त्याचं तो काय वाटेल ते करो, राजाही मधे येणार नाही. आणि कोणालाच फारशी पानं पडली नाहीत, तर ओढा महोत्सव समितीकडे. समितीत गुणवंतराव होता. बाकी कोणी नव्हतं.

ठकूबाईला असल्या जत्रेत जायचं नव्हतं. पण ओढा गेला तर टोपली ठेवायची कुठे? ती सोनबाला म्हणाली, “जावं लागतंय.”

सोनबाने दोन श्वास घेतले. मग म्हणाला, “टोपली ठेव. मी बसतो.”

पुनवेला बरोबर तीन दिवस होते. तिने त्याच सकाळी वर्षातली सगळ्यांत मोठी टोपली भरली. सगळे कंद एकदम काढले, मागे एक ठेवला नाही. सोनबा वर चढून बसला. पाणी त्याच्या पाठीवरून वाहू लागलं. सगळं ठीक चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी पाणी थांबलं.

झालं असं. गुणवंतरावाला कोणीतरी सांगितलं होतं की शहरच्या पाहुण्यांना कुठेही गेलं की आपला चेहरा बघावा लागतो. चेहरा दिसला नाही तर ते तिथे गेलेत असं त्यांना वाटतच नाही. आता वाहत्या पाण्यात चेहरा धड दिसत नाही, हलतो. म्हणून त्याने वरच्या अंगाला धोंडे आणि चिखल रचून ओढा अडवला. तिथे छान तळं साचलं. काठावर फुलांची कमान केली. नाव दिलं चेहरातळं.

खाली सोनबा कोरड्या गोट्यांवर टोपलीवर बसून होता. उठला नाही. तीन दिवस म्हणजे तीन दिवस.

ठकूबाई काटे फुलवून समितीकडे गेली. म्हणाली, ज्या पाण्यात आमचं खाणं तयार होतं तेच तुम्ही बंद केलंत. गुणवंतरावाने तिला बसायला पाट दिला, मधाचं पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मावशी, हे सगळं तुमच्याचसाठी तर चाललंय.”

“माझ्यासाठी चाललंय तर पाणी सोड.”

“पाणी सोडलं तर तळं जाईल. तळं गेलं तर पाहुणे येणार नाहीत. पाहुणे आले नाहीत तर तुम्हाला साथ कोण देणार?”

ठकूबाईने मधाचं पाणी तसंच खाली ठेवलं. याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही. ती घरी आली. कंद एकच दिवस धुतला गेला होता. दोन दिवसांचा कडूपणा आत तसाच होता.

पुनव आली. पाहुणे आले.

काय ते पाहुणे. कोणाच्या गळ्यात घुंगरू, कोणाच्या अंगात स्वेटर, आणि ऊन असं की कातळ तापलेला. त्यांच्यात पुढारी दोन. एक पर्ल नावाची पांढरी मांजर, तिचं नाक आत गेलेलं, म्हणून ती सगळ्याचा वास तोंडाने घ्यायची. दुसरा ऑस्कर नावाचा जाडा कुत्रा. तो म्हणायचा, मी सात जंगलं खाल्लीत. म्हणजे सात जंगलांत जाऊन खाल्लं, असं त्याला म्हणायचं होतं. पण पोट बघून मला पहिलंच खरं वाटतं.

आल्या आल्या सगळे तळ्यावर गेले. चेहरे बघितले. समाधान झालं. मग खायला निघाले.

मधोमध मोठा मांडव होता, वर पाटी ‘स्थानिक दालन’. आत सफरचंदं. आता आपल्या जंगलात सफरचंद कुठून येणार? वानरांनी चार डोंगर ओलांडून पाठीवर आणली होती. गुणवंतरावाचं म्हणणं असं की बोर आंबट असतं, करवंद डाग पाडतं, पाहुण्यांना एकदम स्थानिक झेपत नाही. कडेला, उन्हात, उतारावर बाकीचे बसले होते. खारीच्या चारोळ्या, लिंबाजी अस्वलाचा मध, आणि शेवटी ठकूबाई.

पर्लने लिंबाजीला विचारलं, या मधात ग्लुटेन आहे का? लिंबाजी गरीब गडी. त्याने पोळं उलटंसुलटं करून पाहिलं. म्हणाला, होतं तरी माश्यांबरोबर उडून गेलं असेल. मग ऑस्करने चव बघायला म्हणून एक बोट मध घेतला. मग खात्री करायला एक बोट. मग पर्लला समजावून सांगायला एक बोट. शेवटी म्हणाला, छान आहे, तुम्ही असंच करत राहा, आणि पान तसंच हातात ठेवून पुढे गेला. लिंबाजीचं अर्धं पोळं संपलं होतं आणि साथ मिळून झाली होती.

ठकूबाईची टोपली झाकलेली होती. वर पान, पानावर दगड, दगडाशेजारी सोनबा. पाण्यातले तीन दिवस पुरे झाल्याशिवाय तो खाली उतरत नव्हता, त्याला टोपलीसकट आणावं लागलं होतं.

“यात काय?” ऑस्करने विचारलं.

“कडूकंद.”

“दाखवा चव.”

“देणार नाही. धुवायचा राहिलाय. घसा धरील.”

ऑस्कर थबकला. सात जंगलांत त्याला कोणी ‘देणार नाही’ म्हटलं नव्हतं. तो पर्लकडे गेला. पर्लने आणखी चौघांना सांगितलं. चौघांनी चाळिसांना. सांगता सांगता गोष्ट अशी झाली की कोपऱ्यात एक म्हातारी आहे, तिच्याकडे शंभर वर्षांचं काहीतरी आहे, आणि ती शहरातल्या कोणालाही ते देत नाही. पाचच मिनिटांत स्थानिक दालन रिकामं झालं आणि ठकूबाईपुढे रांग लागली.

काही जण रांग कसली आहे हे न विचारताच उभे राहिले. रांगेत उभं राहायची त्यांना सवय होती.

ठकूबाई काटे फुलवून बसली. ती एकेकाला सांगत होती, जा, परवा ये, आज नाही. जितक्यांना ती जा म्हणाली त्याच्या दुप्पट आले. पर्ल सगळ्यांना समजावत होती की हा राग म्हणजे इथली परंपरा आहे, मनाला लावून घेऊ नका.

गुणवंतराव धावत आला, कारण पाहुणे रुसून गेले तर पुढल्या वर्षी महोत्सव कोणासाठी भरवायचा, ही त्याची चिंता. त्याने ठकूबाईला बाजूला घेतलं आणि सांगितलं की मावशी, दिलं नाहीत तर पानं पडणार नाहीत, पानं पडली नाहीत तर ओढा जाईल. हे बोलताना तो हसत होता, पण त्याला इलाज नव्हता, त्याचं तोंडच तसं.

आता खरी पंचाईत इथे होती, पोरांनो. ओढा गेला तर यापुढे कडूकंद गोड होणार नाही, कधीच. ओढा राखायचा तर आज कडू वाढायचा. अशी पंचाईत ठकूबाईवर याआधी कधी आली नव्हती.

सोनबा म्हणाला, “दे, ठके. मरत कोणी नाही. दोन दिवस खाजतं.”

“माझ्या हातचं खाऊन?”

“हातचंच तर मागतायत.”

तिने टोपलीवरचा दगड घट्ट बसवला. मग म्हणाली, “ओढा गेला तर जाऊ दे.” आणि उठून सरळ डोंगरउतारावर गेली, चिंचेच्या झाडाकडे. कोणी आगाऊपणा करून टोपलीत तोंड घातलंच, तर उतारा हाताशी असावा म्हणून. चिंच खाल्ली की घशाची खाज उतरते. ठकूबाई कडू होती, निष्काळजी नव्हती.

ती पाठमोरी झाली आणि गुणवंतरावाने दगड उचलला. सोनबाने पान दाबून धरलं, पण कासवाचं दाबणं ते किती. चकत्या वाटल्या गेल्या. प्रत्येकाला एक. ऑस्करने दोन घेतल्या, अनुभवी म्हणून.

सगळ्यांनी चावल्या.

आधी काही झालं नाही. मग रांगेच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत एक एक डोळा मोठा होत गेला. शेपट्या ताठ झाल्या. घुंगरं वाजायची थांबली. पर्लचं आत गेलेलं नाक बाहेर आल्यासारखं वाटलं. ऑस्करची जीभ अशी सुजली की तोंड मिटेना. चाळीस-पन्नास जनावरं, आणि आवाज नाही.

कोणीतरी एकाने थुंकलं असतं ना, तर सगळ्यांनी थुंकलं असतं आणि गोष्ट इथेच संपली असती. पण प्रत्येकाने आधी शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजारी थुंकत नव्हता, कारण तोही शेजाऱ्याकडे बघत होता. सगळ्यांनी गिळलं.

मग पर्ल बोलली. आवाज बेडकाचा झाला होता. “ही,” ती म्हणाली, आणि थांबली, आणि पुन्हा गिळलं. “ही खरी मातीची चव.”

झालं. सगळ्यांना सुटल्यासारखं वाटलं. कोणी म्हणालं, आपल्या आजीकडे अस्संच असायचं. त्याची आजी प्राण्यांच्या दुकानात वाढली होती. कोणी म्हणालं, हे सगळ्यांना कळण्यातलं नाही. ऑस्करला बोलता येत नव्हतं, तो नुसता छातीवर पंजा ठेवून उभा होता, डोळ्यांतून धारा. ते बघून मागच्यांनाही भरून आलं. आणि पळसाची पानं पडू लागली. टोपलीपुढे ढीग झाला. सोनबा त्यात गळ्यापर्यंत गेला.

ठकूबाई तोंडात चिंचेची फांदी धरून परत आली आणि तिने हे पाहिलं. फांदी गळून पडली. जन्मात पहिल्यांदा ती हात जोडून बोलली. “चूक झाली. हा तयार नाही. असा खायचा नसतो. ही चिंच घ्या, बरं वाटेल.”

पाहुण्यांनी एकमेकांकडे कौतुकाने पाहिलं. किती साधी आहे बघा, ते म्हणाले, स्वतःची थोरवी हिला ठाऊकच नाही. आणि ज्यांनी पानं राखून ठेवली होती त्यांनीही टाकली. चिंच मात्र कोणी घेतली नाही. ती फुकट होती, शिवाय रांगही नव्हती.

वाघाने निकाल सांगितला. पहिला कडूकंद. ओढा ठकूबाईचा, कायमचा, राजाचा शब्द. टाळ्या झाल्या. कोणीतरी तिला बोलायचा आग्रह केला.

ठकूबाई सगळ्यांच्या मधून चालत वर गेली, चेहरातळ्याच्या बांधापाशी. खालचा एक धोंडा तिने ओढून काढला. मग दुसरा. तिसरा पाण्यानेच काढला. निघायच्या आधी काही पाहुणे पुन्हा एकदा चेहरे बघायला काठावर आले होते. त्यांच्या देखत चेहरे हलले, फाटले आणि वाहून गेले.

गुणवंतराव वाघाकडे पळाला. वाघ म्हणाला, शब्द दिलाय. वाघ बाकी कसाही असो, पण चारचौघांत दिलेला शब्द मोडायला त्याला आणखी चार दिवस लागायचे, आणि तोवर तो विसरला.

खाली पाणी आलं. सोनबा म्हणाला, “दोन दिवस राहिलेत.” ठकूबाईने उरलेली टोपली पाण्यात ठेवली. सोनबा वर चढला.

इतर पाहुणे गेले. पर्ल आणि ऑस्कर राहिले, कारण घसा असा धरला होता की त्यांना वाटेची धूळ सोसवेना. दोन दिवस पाला चघळत पडून होते. लिंबाजीने न विचारता उरलेला मध त्यांच्या घशात सोडला, तेव्हा कुठे ते माणसात आले. म्हणजे आपापल्या जातीत आले.

तिसऱ्या दिवशी चकत्या कातळावर वाळल्या. वास सुटला. सगळं जंगल गोळा झालं. ठकूबाईने पहिली मूठ सोनबाला दिली आणि दुसरी पाहुण्यांपुढे नेऊन ठेवली. म्हणाली, “आता खा. हा खरा.”

दोघांनी भीतभीत खाल्लं. गोड होता. मऊ होता. घशातून असा उतरला जसा घसा त्याच्यासाठीच केलेला. ऑस्करने आणखी मागितला, पर्लने पंजा चाटला. ठकूबाई बघत होती. तिच्या पाठीवरचे काटे जरा खाली बसले.

मग पर्लने तोंड पुसलं. म्हणाली, “छान आहे, मावशी. पण तो नाही. तो महोत्सवात होता ना, त्यात एक धग होती. हा जरा आमच्या शहरी जिभेसाठी मुद्दाम गोड केल्यासारखा वाटतो.”

ऑस्करने मान हलवली. “मूळ राहिलं नाही,” तो म्हणाला, आणि तिसऱ्यांदा मागितलं.

ठकूबाईचे काटे पुन्हा उभे राहिले. तिने टोपली उचलली, पाठ फिरवली, आणि खारीला, लिंबाजीला, सगळ्यांना शिव्या देत देत वाढायला लागली. जंगल जेवलं. पाहुणे जायला निघाले तेव्हा कोणाचं लक्ष नव्हतं.

पुढल्या वर्षी महोत्सव दुसऱ्या ओढ्यावर भरला. तिथे नवं तळं केलंय. कडूकंद आता वानरं करतात. चकत्या नाहीत, राख नाही, धुणं तर नाहीच. पाटीवर लिहिलंय, ‘ठकूबाईचा अस्सल कडूकंद’. रांग डोंगरापर्यंत जाते. ठकूबाईला आमंत्रण आलं होतं. ती गेली नाही. तिची टोपली ओढ्यात होती आणि सोनबा वर बसला होता, दुसरा दिवस चालू होता.

तात्पर्य: कष्टाचं फळ गोड असतं, म्हणून ते घरात खावं. पाहुण्याला अर्धकच्चं वाढावं. घसा धरला की तो त्याला संस्कृती म्हणतो आणि पुढल्या वर्षी चौघांना घेऊन येतो.